मर्ल ओबेरॉन : गुपित बाजूला ठेवलं तर नटी म्हणून कशी होती?

चौपाटीकर

२०२३ मध्ये मिशेल यो या आशियाई नटीला ऑस्कर मिळालं तेव्हापासून मर्ल ओबेरॉनला बरे दिवस आलेत. जो उठतो तो तिच्यावर लिहितो, आणि सगळ्यांचा मजकूर एकच. १९११ मध्ये मुंबईत जन्म, अँग्लो-इंडियन घर, कलकत्त्यात बालपण, मग लंडन, मग हॉलिवूड. 'मी टास्मानियाची' (ऑस्ट्रेलियातलं बेट) ही जन्मभर रेटलेली थाप. सावळ्या आईला लोकांसमोर मोलकरीण म्हणून वावरायला लावलं. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी ऑस्करचं नामांकन, म्हणजे योच्या कितीतरी आधी. आणि सगळ्यात शेवटी उपकार केल्यासारखं एक वाक्य : 'वदरिंग हाइट्स'मधली तिची कॅथी गाजली. खलास.

अरे, बाई चार दशकं पडद्यावर होती! कोणीतरी तिच्या कामाबद्दल बोला की.

माझं मत आधीच सांगून टाकतो. १९३५ ते १९३९ ही तिची खरी वर्षं. त्याआधी ती शोभेची होती आणि १९४० नंतर पुन्हा शोभेचीच झाली, फक्त दागिने महाग झाले. गुपित नसतं तर आज तिचं नाव फार थोड्यांना माहीत असतं. आता घाला शिव्या.

गोट्या

रुमाल टाकून ठेवतोय. हा धागा शंभरी गाठणार.

मंदाकिनी_के

"त्याआधी शोभेची होती" हे मला मान्य नाही. १९३३ चा 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' काढून बघा. सिनेमा चार्ल्स लॉटनचा, ऑस्करही त्यालाच. मर्ल त्यात हेन्रीची राणी अ‍ॅन बोलिन आहे, आणि सिनेमा सुरू होतो तोच तिला मारायच्या दिवशी. पाच-सात मिनिटांचं काम असेल. वधस्तंभाकडे जायच्या आधी ती आरशात बघते, केस सारखे करते आणि मुंडकं पडल्यावर ही जाळी केस धरून ठेवेल ना, अशी चौकशी करायला लागते. वाक्य पुरं होत नाही. रडारड नाही, डोळे मोठे करणं नाही. एखादी बाई लग्नाला निघताना जशी अंबाड्याची काळजी करेल तशी ती करते. तेवढ्या कामावर निर्माता अलेक्झांडर कोर्डाला कळलं की हिच्यात पैसे घालायला हरकत नाही.

चौपाटीकर

मंदाकिनीताई, तो प्रसंग चांगला आहे, कबूल. पण पुढच्याच वर्षी तिला काय मिळालं? 'डॉन हुआन'मध्ये नाचणारी स्पॅनिश बाई. शार्ल बॉयेबरोबरच्या एका सिनेमात जपानी सरदाराची बायको, डोळे ओढून वर नेलेले. 'स्कार्लेट पिंपर्नेल'मध्ये फ्रेंच. म्हणजे इंग्रज सोडून काहीही. शोभेची म्हणतो ती या अर्थानं.

वहिनीसाहेब

आणि मग म्हणायचं गुपित बाजूला ठेवा! चौपाटीकर, तुम्ही दिलेली यादीच तर गुपित आहे. तिच्या चेहऱ्यात काहीतरी 'तिकडचं' दिसतंय हे स्टुडिओला कळत होतं. जपानी करा, स्पॅनिश करा, फक्त जे आहे ते म्हणायचं नाही. तिला मिळालेल्या भूमिका तिच्या रंगापासून वेगळ्या काढणार कशा?

गोट्या

झालं. चौथ्या प्रतिसादात गुपित परत घरात.

निमशहरी

वहिनींना अनुमोदन, आणि थोडं कायद्याचं. लोक लिहितात की तिनं 'लाजेखातर' लपवलं. असेलही थोडी लाज. पण त्या वेळची अमेरिका बघा. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानासकट आशियाचा मोठा भाग स्थलांतराला बंद. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. हे दार किलकिलं झालं १९४६ मध्ये, तेही वर्षाला १०० माणसांपुरतं.

त्यात सिनेमाची आचारसंहिता. १९३० मध्ये लिहिली, १९३४ पासून कडक लागू केली. गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला मनाई, आणि स्टुडिओवाले ती भीती आशियाई चेहऱ्यांनाही लावायचे. अ‍ॅना मे वाँगचं उदाहरण प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी-अमेरिकन नटी. 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोचं काम तिला मिळालं नाही, कारण नवऱ्याच्या कामात पॉल म्युनी हा गोरा नट होता. ते लुइझ रायनरनं केलं आणि ऑस्कर घेऊन गेली.

मर्लनं खरं सांगितलं असतं तर तिची नायिकेची कारकीर्द सुरूच झाली नसती. तिथे लाजेपेक्षा पोटाचा प्रश्न मोठा होता.

सिडनीकर_सुहास

टास्मानियाबद्दल इथून सांगतो. ही थाप प्रसिद्धी खात्यानं डोकं लावून रचली होती. गाव लांबचं, ब्रिटिश, आणि तिथून लंडनला येऊन शहानिशा कोण करणार? जन्माच्या नोंदी म्हणे आगीत जळाल्या. वडील शिकारीत गेले, मग मुलगी हिंदुस्थानात वाढली. म्हणजे हिंदुस्थानात असल्याची कोणी आठवण काढलीच तर तीही सोय आधीच करून ठेवलेली!

गंमत म्हणजे टास्मानियानं ते मनापासून घेतलं. राजधानी होबार्टची मुलगी हॉलिवूडला गेली म्हणून पिढ्यान् पिढ्या अभिमान. १९७८ मध्ये तिथल्या महापौरांनी सत्कार ठेवला. बाई गेली, पण समारंभात आपण इथे जन्मलेलोच नाही म्हणाली आणि बरं वाटत नाही सांगून निघून गेली. समारंभाला येताना गाडीच्या ड्रायव्हरला मात्र तिसरीच गोष्ट सांगितली होती, जहाजातून जाताना वडील आजारी पडले म्हणून होबार्टला उतरलो वगैरे. पुढच्या वर्षी मालिबूला वारली. २००२ मध्ये यावर एक माहितीपट निघाला तेव्हासुद्धा इथले काही लोक ती आमचीच म्हणून हट्टाला पेटलेले दिसतात.

रातकिडा

रेकॉर्डरूमला आग लागणे ही जागतिक परंपरा दिसते :)

पुणेरी_पाटी

जरा अवांतर. मर्ल कलकत्त्यात टेलिफोन ऑपरेटर होती. आपल्या पुण्याच्या रूबी मायर्सही टेलिफोन ऑपरेटर होत्या. घराणं बगदादी ज्यू. कोहिनूर फिल्म कंपनीचे मोहन भवनानी मागे लागले, बाई 'सुलोचना' झाल्या आणि मूकपटांच्या जमान्यातली सगळ्यात मोठी स्टार ठरल्या. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये त्यांच्या आठ भूमिका होत्या. रेनी स्मिथची 'सीतादेवी' झाली तीही याच काळात. चांगल्या घरच्या हिंदू-मुसलमान बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या, म्हणून अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींना देवीदेवतांची नावं देऊन उभं करायचे.

म्हणजे बघा, एकीनं मुंबईत हिंदू नाव घेतलं आणि दुसरीनं लंडनमध्ये मुंबई पुसली. धंदा तोच. फरक इतकाच की सुलोचनाबाई रूबी मायर्स आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. १९७३ चा फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला.

वहिनीसाहेब

पाटी, हे झकास. वेगळा धागा काढा यावर.

पुणेरी_पाटी

दुपारी एक ते चार विचारू नये.

गोट्या

=)) =))

निमशहरी

अवांतराला अवांतर : कोर्डाचाच दुसरा शोध म्हणजे साबू. म्हैसूरजवळच्या करापूरच्या माहुताचा पोरगा. १९३७ चा 'एलिफंट बॉय', मग 'थीफ ऑफ बगदाद', 'जंगल बुक'. एकच निर्माता, एकच डेनहॅमचा स्टुडिओ, वर्षंही तीच. साबूला फेटा बांधून हिंदुस्थानी म्हणून विकला आणि मर्लला हिंदुस्थान पुसून विकलं. साबूला प्रेमकथेचा नायक करायचा विचारसुद्धा कोणाच्या मनात आला नसेल. मर्लनं गॅरी कूपरबरोबर नायिकेचं काम केलं.

चौपाटीकर

लोकहो, सगळं वाचतोय, माहिती भारी आहे. पण प्रश्न अजून तसाच लोंबकळतोय. अभिनय, अभिनय!

लाइटदादा

उशीर झाला, शूटवर होतो. मी वीस-बावीस वर्षं लाइटिंगमध्ये आहे. आमच्यात हिचं नाव रोज घेतलं जातं आणि ते एका बाईचं नाव आहे हे बहुतेकांना माहीत नसतं.

'ओबी' म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सला अगदी लागून बसवलेला छोटा दिवा. ओबेरॉनवरून ओबी. १९४४ च्या 'द लॉजर'वर कॅमेरामन लुसियन बॅलार्डनं तिच्यासाठी तो लावला. तिच्या चेहऱ्यावर व्रण होते. मोटर अपघाताचे काही, आणि १९४० च्या सुमाराला त्वचेला औषधांची की प्रसाधनांची रिअ‍ॅक्शन होऊन चेहरा बिघडला होता, तो घासून घ्यावा लागला. आता व्रण दिसतो कधी? बाजूनं उजेड आला की. खड्ड्याला सावली पडते. तोच उजेड लेन्सच्याच दिशेनं सरळ टाकला की सावली व्रणाच्या मागे लपते, कॅमेऱ्याला दिसतच नाही. वर डोळ्यात एक बारीक ठिपका चमकतो, तो बोनस. बॅलार्डशी तिनं १९४५ मध्ये लग्नही केलं. याच माणसानं पुढे 'द वाइल्ड बंच' शूट केला.

आता चौपाटीकरांच्या मुद्द्याकडे येतो. तुम्ही म्हणता ती चांगली वर्षं १९३५ ते ३९. 'द डार्क एंजल', 'दीज थ्री', 'वदरिंग हाइट्स'. तिन्ही निर्माता सॅम्युअल गोल्डविनचे, आणि तिन्हींचा कॅमेरामन एकच, ग्रेग टोलंड. 'वदरिंग हाइट्स'साठी त्याला ऑस्कर मिळालं. टोलंड बाजूनं, खालून, खिडकीतून, कुठूनही उजेड आणतो. चेहरा अर्धा अंधारात गेला तरी त्याला चालतं. नटीला मान वळवायला, खाली बघायला, सावलीत जाऊन परत यायला मोकळीक असते. ओबीसमोर तसं नाही. तो दिवा काम करतो ती चेहरा कॅमेऱ्याकडे असेपर्यंत. मान जास्त वळली की खेळ खलास, व्रण परत दिसायला लागतात. मग नटी काय करणार? मान जपणार. तुम्हाला १९४० नंतर जी 'शोभेची' वाटते ती माझ्या मते मान जपणारी बाई आहे. आम्ही सेटवर हे आजही बघतो. एखाद्या सिनियर नटीला 'मॅडम, एवढीच लूक द्या, याच्या पलीकडे नको' सांगितलं की तिचं निम्मं काम तिथेच मरतं.

मंदाकिनी_के

लाइटदादा, हा प्रतिसाद कापून ठेवण्यासारखा आहे.

रातकिडा

मस्त, पण सगळं दिव्यावर ढकलू नका. पटकथाही बघा. गोल्डविननं तिच्या करारात कोर्डाकडून वाटा घेतला आणि सगळ्यात आधी तो परदेशी मेकअप पुसला. केस साधे, साधा फ्रॉक, इंग्लंडच्या खेड्यातली मुलगी. त्यावरच नामांकन मिळालं (बेटी डेव्हिसनं नेलं). कोर्डाशी १९३९ मध्ये लग्न, त्याला 'सर' मिळाल्यावर ही लेडी कोर्डा. मग चाळिशीच्या दशकात हिच्या वाट्याला संगीतकार शोपँची प्रेयसी. 'अ साँग टू रिमेंबर'मध्ये फ्रेंच लेखिका जॉर्ज साँ झालीय, पँट घालून. त्या भूमिकेला बाणेदारपणा आहे पण वाक्यं अशी की दगडाचा घाम निघावा. 'देसिरे'मध्ये ब्रँडोसमोर जोसेफिन आहे, तिथे मला ती ब्रँडोपेक्षा बरी वाटते. तो तर नेपोलियनचा कंटाळा आल्यासारखा फिरतो.

सिडनीकर_सुहास

आणि दिग्दर्शक स्टर्नबर्गचा 'आय, क्लॉडियस' अर्धवट राहिला तो हिच्या १९३७ च्या अपघातामुळेच ना?

रातकिडा

कागदोपत्री तेच कारण. पण लॉटनला भूमिकेचा सूर सापडत नव्हता, स्टर्नबर्गशी त्याचं पटत नव्हतं आणि खर्च वाढत चालला होता. नायिका जखमी झाली, चित्रण बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालंच नाही. बीबीसीनं १९६५ मध्ये उरलेल्या रिळांवर कार्यक्रम केला, त्यात मर्ल स्वतः बोलली आहे. मेसालिनाच्या भूमिकेतले तिचे जे तुकडे उरलेत ते बघताना हळहळ वाटते. स्टर्नबर्ग म्हणजे दिव्यांचा राजा, लाइटदादांना आवडेल.

वहिनीसाहेब

'वदरिंग हाइट्स'वर कोणी बोलणार आहे का? की तो फार प्रसिद्ध म्हणून नको?

मला त्यातला स्वयंपाकघरातला प्रसंग सिनेमाभर पुरतो. कॅथी मोलकरीण नेलीला सांगत असते की एडगरनं मागणी घातलीय. आधी लाडात, गिरक्या घेत. मग नेली खोदून विचारायला लागते आणि हिचा आवाज उतरत जातो, आणि ते 'मीच हीथक्लिफ आहे' येतं. वीज चमकवलीय तिथे दिग्दर्शक वायलरनं. विजेची गरज नव्हती. ती ज्या तऱ्हेनं स्वतःच दचकते, ते पुरेसं होतं.

आणि आता गुपिताचं पुन्हा काढते, रागावू नका. कादंबरीत हीथक्लिफ सावळा आहे, त्याला हिंदुस्थानी खलाशाचं पोर समजतात. सिनेमात तो झाला लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि ज्या गोऱ्या मुलीला त्याच्याशी लग्न करणं कमीपणाचं वाटतं, ती झाली मुंबईची पोर. सेटवर हे तिला माहीत.

चौपाटीकर

ऑलिव्हिएला तर ती नकोच होती, व्हिव्हियन ली हवी होती. व्हिव्हियनला इझाबेलाचं दुय्यम काम देत होते, तिनं नाकारलं. दोघांत इतकी जुंपली की प्रेमाची वाक्यं म्हणताना थुंकी उडते यावरून भांडणं! त्याआधी 'द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स'मध्ये हेच दोघं गुण्यागोविंदानं विनोदी काम करून गेलेत.

वहिनी, दचकण्याचं तुमचं निरीक्षण मान्य. पण ती आपलं आयुष्य आठवून दचकली, असं तुम्ही सुचवताय ते मला पटत नाही. वायलर एकेक शॉट चाळीस-चाळीस वेळा घ्यायचा अशी त्याची ख्याती. तिसाव्या टेकला माणूस थकून दचकतो, चरित्र आठवून नव्हे.

वहिनीसाहेब

मी फक्त तिला माहीत होतं एवढंच म्हटलं. आणि आईचं काय? १९३७ मध्ये ती म्हातारी गेली. १९४९ मध्ये मर्लनं फोटोवरून तिची तैलचित्रं करून घेतली, रंग उजळ करायला सांगून, आणि घरात लावली. पुढे कागदपत्रांवरून निघालं की ती मुळात तिची आजी, आणि जिला ती बहीण समजायची ती खरी आई, मुलगी झाली तेव्हा स्वतः पोरवयाची. हे सगळं डोक्यात घेऊन रोज सकाळी मेकअपला बसणाऱ्या बाईच्या कामावर त्याचा काहीच परिणाम होत नाही?

लाइटदादा

वहिनी, होत असेल. पण पडद्यावर कुठला परिणाम कशाचा हे मला दिसत नाही. दिवा दिसतो.

पुणेरी_पाटी

दोघांचंही ऐकलं. वाद चालू द्या, चहा ठेवलाय.

मंदाकिनी_के

कोणी 'दीज थ्री'बद्दल (१९३६) सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहिते. दोन मैत्रिणी मुलींची शाळा काढतात, एक द्वाड विद्यार्थिनी अफवा पसरवते आणि सगळं मोडतं. मूळ लिलियन हेलमनचं नाटक. त्यातली अफवा दोघींच्या परस्परसंबंधांची होती. ती पडद्यावर चालली नसती, म्हणून एका पुरुषावरून प्रेमाचा त्रिकोण केला. पटकथाही हेलमननंच लिहिली, आणि आश्चर्य म्हणजे काही बिघडलं नाही, कारण गोष्ट अफवेची आहे.

यात मर्ल कॅरेन झालीय. मिरियम हॉपकिन्सला सगळी भावनिक आतषबाजी दिलीय आणि मर्लकडे आहे सरळ, शहाणी, थोडी हट्टी बाई. शाळा रिकामी झाल्यावरचे प्रसंग बघा. ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्यावरच आपला संशय आहे हे तिला कळतं. ती ते बोलून टाकते, शांतपणे, आणि मग त्याला जायला सांगते. आवाज चढत नाही. ना राणी, ना परदेशी सुंदरी, ना कोणाची प्रेयसी म्हणून मिरवणं. चौपाटीकर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हा सिनेमा आहे. साधी बाई करायला दिली की ती उत्तम होती. साधी बाई तिला फार थोड्या वेळा मिळाली.

रातकिडा

यात दिग्दर्शक लुबिचचा 'दॅट अन्सर्टन फीलिंग' (१९४१) जोडा. सहा वर्षांच्या संसाराचा कंटाळा आलेली बायको, हिला सारखी उचकी लागते म्हणून मानसोपचारवाल्याकडे जाते. तिथे एक चिडका पियानोवाला भेटतो आणि संसाराचा बोऱ्या. लुबिचचा पहिल्या दर्जाचा सिनेमा नाही, पण उचकीचं टायमिंग बघा. १९४० नंतर शोभेचीच म्हणणाऱ्यांसाठी खास.

गोट्या

उचकी लागली म्हणजे टास्मानियात कोणीतरी आठवण काढतंय.

सिडनीकर_सुहास

गोट्या =)) महापौर असणार.

चौपाटीकर

काल रात्री 'दीज थ्री' पाहिला. मंदाकिनीताई, कॅरेन खरंच सुरेख केलीय. तो निरोपाचा प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला, आणि लाइटदादा, तिथे तिचा चेहरा बऱ्यापैकी वळलेला आहे, तुमचं म्हणणं ध्यानात ठेवूनच बघत होतो. 'लॉजर'ही लगोलग थोडा पाहिला. नाच सोडला तर प्रत्येक जवळच्या शॉटमध्ये बाई समोर तोंड करून बसलेली.

तरी पहिल्या फळीतली मी म्हणणार नाही. स्टॅनविक किंवा डेव्हिसला वाईट पटकथा द्या, त्या ती फाडून स्वतःचं काहीतरी काढतात. ही पटकथेइतकीच चांगली होते. वायलर मिळाला की वर, बाकीच्यांत खाली.

मंदाकिनी_के

हे शोभेच्या बाहुलीपेक्षा पुष्कळ वर आलं. तूर्तास मी तेवढ्यावर समाधानी आहे :)

वहिनीसाहेब

मी नाही. १९७३ चा 'इंटरव्हल' कोणी पाहिलाय का? साठी ओलांडल्यावर स्वतः पैसे घालून काढलेला, नायक पंचवीस वर्षांनी लहान, आणि पुढे त्याच्याशी लग्न. सिनेमा पडला म्हणतात. शेवटचा सिनेमा तिनं स्वतःच्या मनानं काढला, तर तिला नेमकं काय करायचं होतं ते त्यातच दिसेल.

रातकिडा

पाहिला नाही, चांगली प्रत सापडलेली नाही. कोणाला मिळाली तर इथे सांगा. नायक रॉबर्ट वोल्डर्स, हाच पुढे ऑड्री हेपबर्नबरोबर शेवटपर्यंत राहिला.

गोट्या

माणसाचं नशीब बघा राव. याच्यावर धागा काढा कोणीतरी.